एका ओळीमागे ५९० ओळी

अमेरिकी नौदलाच्या ‘ऑस्कर ऑस्टिन’ या विनाशिकेवर एक प्रोग्रॅम बसवायचा होता. लढाईत जहाजाला फटका बसला, नळ फुटला, पाणी शिरले, तर कोणती झडप बंद करायची आणि कोणती उघडायची हे त्याने सांगायचे. जनरल डायनॅमिक्स कंपनीच्या या कामावर डी. रिचर्ड हिप नावाचा नॉर्थ कॅरोलायनातला एक प्रोग्रॅमर कंत्राटावर होता. माहिती ठेवायला इन्फॉर्मिक्सचा डेटाबेस सर्व्हर दिलेला होता आणि तो अधूनमधून मान टाकायचा. मग पडद्यावर ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ अशी पाटी झळकायची. पाटी हिपच्या प्रोग्रॅमने दाखवलेली, त्यामुळे बोलणी खायची पाळीही त्याच्यावरच यायची. दोष दुसऱ्याच्या सर्व्हरचा आहे हे कोणाकोणाला समजावून सांगणार?

हिपने वेगळा विचार केला. या प्रोग्रॅमला डिस्कवरून माहिती वाचायची आहे, एवढेच. मग मध्ये सर्व्हर हवाच कशाला? त्यातून एसक्यूलाइट जन्माला आले. पहिली आवृत्ती १७ ऑगस्ट २००० रोजी बाहेर पडली. हा वेगळा सर्व्हर न लागणारा, साध्या एका फायलीत मावणारा डेटाबेस आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि प्रत्येक आयफोनमध्ये आहे. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आहे. एअरबस ए३५० विमानातल्या संगणकप्रणालीतही आहे. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी पडणारे ‘सुप्रभात’ फोनमध्ये साठते तेही एसक्यूलाइटच्याच फायलीत.

आणि हे सगळे सांभाळणारी माणसे किती? तीन-चार.

इतक्या थोड्या माणसांनी इतका मोठा भार कसा पेलला, याचे उत्तर त्यांच्याच आकडेवारीत आहे. २०२३ सालच्या ३.४२ या आवृत्तीत एसक्यूलाइटचा मूळ कोड साधारण १ लाख ५६ हजार ओळींचा होता. तो तपासण्यासाठी लिहिलेला कोड ९ कोटी २० लाख ओळींचा. म्हणजे कामाच्या एका ओळीमागे चाचणीच्या सुमारे ५९० ओळी. मोठमोठ्या कंपन्यांतल्या शेकडो माणसांच्या विभागांनाही हे प्रमाण जमलेले नाही, आणि खरे तर त्यांनी तसा प्रयत्नही केलेला नाही. पण चाचण्यांचा हा पहारा पहिल्या दिवसापासून असा नव्हता. तो कसा बसत गेला, हे सांगायचे तर या धंद्यातल्या एका जुन्या रिवाजापासून सुरुवात करावी लागते. तो रिवाज मध्यंतरी हरवला होता.

केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजी पहिल्यांदा चालला. पहिले दोन-तीन प्रोग्रॅम चिमुकले होते. वर्गांचे कोष्टक, मूळ संख्यांची यादी, असे. जूनमध्ये विल्क्स यांनी जरा दमदार काम हाती घेतले, एअरीच्या डिफरन्शियल समीकरणाची उत्तरे काढण्याचे. प्रोग्रॅम कागदी फितीवर भोके पाडून लिहायचा, मग ती फीत घेऊन जिना चढून-उतरून संगणकाकडे जायचे, चूक निघाली की परत पंचिंगच्या यंत्राकडे. अशाच एका फेरीत, जिन्याच्या वळणावर, विल्क्स यांच्या मनात आले की आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आता आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका हुडकण्यात जाणार. त्यांनी पुढे आठवणींत हे लिहून ठेवले आहे. त्या प्रोग्रॅमची सुरुवातीची एक फीत नंतर सापडली. संगणक-इतिहासकार मार्टिन कॅम्पबेल-केली यांनी ती वाचून काढली तेव्हा १२६ ओळींच्या त्या प्रोग्रॅममध्ये वीसेक चुका निघाल्या. विल्क्स हे त्या काळातले जगातले अव्वल संगणकतज्ज्ञ. त्यांचे हे प्रमाण. बाकीच्यांचे काय असेल ते सांगायला नको.

त्याच महिन्यात केंब्रिजमध्येच भरलेल्या परिषदेत अ‍ॅलन ट्युरिंग यांनी एक छोटा निबंध वाचला. विषय : मोठा प्रोग्रॅम बरोबर आहे हे तपासायचे कसे. त्यांची सूचना अशी की प्रोग्रॅमरने मध्येमध्ये ठाम विधाने लिहून ठेवावीत – या टप्प्यावर अमुक आकडा तमुकपेक्षा मोठाच असला पाहिजे, इथे ही बेरीज शून्यच आली पाहिजे – म्हणजे तपासणाऱ्याला एकेक विधान सुटे तपासता येईल. निबंधाकडे त्या वेळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आज एसक्यूलाइटच्या कोडमध्ये अशी सहा हजारांहून जास्त विधाने पेरलेली आहेत.

सुरुवातीच्या दशकात चाचणी ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचीच जबाबदारी होती आणि ती कामाच्या शेवटी येत नव्हती. डॅनिएल मॅक्क्रॅकन यांच्या १९५७ च्या प्रोग्रॅमिंगच्या पाठ्यपुस्तकात स्पष्ट सल्ला आहे : कोड लिहायला बसण्यापूर्वीच एक उदाहरण हाताने सोडवून उत्तर तयार ठेवा. आणि शक्यतो हे उदाहरण ज्याचे काम आहे त्या गिऱ्हाइकाकडून करून घ्या. म्हणजे त्याला नेमके काय हवे आहे हेही आधीच कळेल. जेराल्ड वाइनबर्ग हे १९६० च्या सुमारास आयबीएमकडून मर्क्युरी या मानवी अंतराळ मोहिमेच्या संगणकप्रणालीवर काम करत होते. तिथे अर्ध्या-अर्ध्या दिवसाचे टप्पे असत आणि टप्प्याची चाचणी आधी लिहिली जाई, कोड मागाहून. आज जी पद्धत शिकवण्यासाठी महागडे सल्लागार बोलावतात, ती तेव्हा चार माणसांची रोजची सवय होती.

सवय सुटली ती पसारा वाढल्यावर. आयबीएमच्या ओएस/३६० वर शेकडो माणसे राबली. त्या प्रकल्पाचे प्रमुख फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये अनुभवाचा हिशेब मांडला : एकूण वेळाचा तिसरा हिस्सा आखणीला, सहावा हिस्सा कोड लिहायला, आणि उरलेला निम्मा सगळा चाचणीला ठेवावा. हिशेब चोख होता, पण तो वाचणाऱ्या व्यवस्थापकांनी त्यातून भलताच बोध घेतला. निम्मा वेळ शेवटी आहे ना, मग त्यासाठी वेगळी माणसे ठेवू. ब्रूक्स यांच्याही आधी, १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोने भरवलेल्या परिषदेत अ‍ॅलन पर्लिस यांनी बजावले होते की चाचणी ही रचना झाल्यावर करायची गोष्ट नाही, ती रचनेतच विणली पाहिजे. परिषदेच्या अहवालात ते छापून आले आणि तिथेच राहिले.

वेगळी माणसे आली तशी वेगळी विद्याही आली, हे मात्र मान्य करायला हवे. ग्लेनफर्ड मायर्स यांचे १९७९ चे पुस्तक तिचा पाया मानतात. त्यातले सुरुवातीचेच कोडे आपल्याकडच्या सातवीतल्या भूमितीचे आहे. प्रोग्रॅमला तीन आकडे द्यायचे. त्या बाजूंचा त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज ते त्याने सांगायचे. हा प्रोग्रॅम तपासायला कोणकोणती उदाहरणे द्याल? माणूस पटकन ३, ४, ५ देतो, मग ५, ५, ५ देतो आणि समाधानाने पेन खाली ठेवतो. १, २, ३ दिले तर? त्या बाजूंचा त्रिकोण होतच नाही. एक बाजू शून्य दिली तर? उणे दिली तर? समान बाजू पहिली-दुसरी न घेता पहिली-तिसरी घेतली तर? मायर्स यांनी चौदा कसोट्या ठेवल्या होत्या आणि अनुभवी व्यावसायिक प्रोग्रॅमरांना सरासरी ७.८ गुण पडतात असे नोंदवले होते. प्रोग्रॅम चालतो हे दाखवण्यासाठी चाचणी करू नका, तो मोडावा या इराद्याने करा, हा त्यांचा आग्रह. लिहिणाऱ्याला स्वतःचे लिहिलेले मोडवत नाही, म्हणून मोडणारा परका असावा, असेही त्यांचे म्हणणे होते.

या म्हणण्याला थेरॅक-२५ च्या प्रकरणाने दारुण पुष्टी दिली. कॅनडाच्या एईसीएल कंपनीचे हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र. त्याचे सॉफ्टवेअर एकाच माणसाने, आधीच्या यंत्रांचा कोड घेऊन, असेंब्ली भाषेत लिहिले होते. जुन्या थेरॅक-२० वर किरणांचा अतिरेक रोखणाऱ्या वेगळ्या विद्युत-यांत्रिक कड्या होत्या. नव्या यंत्रात त्या काढल्या, कारण सॉफ्टवेअर आता भरवशाचे समजले गेले. १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना भयंकर मोठी मात्रा बसली, काही दगावले. टेक्सासमधल्या टायलर गावी १९८६ मध्ये दोन अपघात लागोपाठ झाल्यावर तिथल्या रुग्णालयातल्या भौतिकशास्त्रज्ञाने आणि यंत्रचालक बाईंनी बसून बसून कारण हुडकले. बाईंचा हात टंकलेखनाला सरावलेला होता. किरणांचा चुकीचा प्रकार टाइप झाला, तो त्यांनी आठ सेकंदांच्या आत दुरुस्त केला, की पडद्यावर दुरुस्ती दिसायची, पण आतले चुंबक जुन्याच बेतात राहायचे. कंपनीत तपासणाऱ्यांची बोटे इतकी चपळ नव्हती. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशीत दिसते की तपासणी झाली ती मुख्यतः संपूर्ण यंत्र चालवून. सॉफ्टवेअरचे सुटे भाग वेगळे काढून तपासणे जवळजवळ नव्हतेच. चमू लहान असण्याची काळी बाजू ती हीच : एका डोक्यात न आलेली शक्यता कोणाच्याच डोक्यात येत नाही.

भारतात सॉफ्टवेअरचा धंदा फोफावला तो चाचणी हे स्वतंत्र खाते झाल्यानंतर, आणि आपण ते खाते तसेच उचलले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस वायटूकेचे काम मुंबईच्या सीप्झमध्ये आणि पुण्यात ढिगाने आले. जुन्या कोबॉल प्रोग्रॅममधून दोन आकडी साल शोधायचे, चार आकडी करायचे, आणि मग कुठे काही तुटले नाही ना हे पुनःपुन्हा चालवून बघायचे. यातून टेस्टर ही नोकरी मध्यमवर्गाच्या ओळखीची झाली. डेव्हलपरच्या एक पायरी खालची, हेही ओघाने ठरून गेले. ‘मॅन्युअल टेस्टिंग’चे क्लास पुण्यात निघाले आणि इंजिनिअरिंगनंतर कॅम्पसमधून निवड न झालेल्या हजारो मुलामुलींनी ते केले. पुढे त्याच क्लासच्या फलकांवर सेलेनियमचे नाव चढले. वेब-प्रोग्रॅमच्या चाचण्या आपोआप चालवणारे हे साधन थॉटवर्क्सच्या शिकागो कार्यालयात जेसन हगिन्स यांनी २००४ मध्ये कंपनीच्या अंतर्गत वेळ आणि खर्च नोंदवण्याच्या वेब-प्रोग्रॅमसाठी बनवले होते. तेव्हा बाजारावर मर्क्युरी कंपनीच्या महाग साधनांचे राज्य होते. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा, अशी मारलेली कोटी नाव होऊन बसली. एका छोट्या चमूने घरगुती गरजेपोटी केलेल्या साधनाने कोट्यवधी डॉलरच्या बाजाराला हादरा दिला.

मधल्या काळात जुना रिवाज परतला होता, तोही अगदी आडवाटेने. केंट बेक या अमेरिकी प्रोग्रॅमरचे वडीलही प्रोग्रॅमर. घरातल्या पुस्तकांत लहानपणी त्याच्या वाचनात एक कृती आली होती : आत जाणारी फीत घ्या, बाहेर कोणती फीत यायला हवी ती आधी हाताने तयार करा, आणि खरी फीत तिच्याशी जुळेपर्यंत प्रोग्रॅम लिहीत राहा. मॅक्क्रॅकनच्या काळातलेच हे शहाणपण. स्मॉलटॉक भाषेत काम करताना बेकने चाचण्या आपोआप चालवणारी छोटी चौकट लिहिली, १९९४ मध्ये तिच्यावर लेख लिहिला, आणि मग त्याला ती कृती आठवली. चाचणी आधी लिहून पाहिली. ही कल्पना प्रथम हास्यास्पद वाटली होती, असे तो सांगतो. १९९६ मध्ये क्रायस्लर या मोटार कंपनीच्या रखडलेल्या पगार-प्रणालीवर त्याला बोलावले. तिथे लहान चमू, दोघांनी मिळून एका संगणकावर लिहिणे, प्रत्येक तुकड्याला चाचणी, सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास, झाल्याशिवाय कोड जमा करायचा नाही, असे नियम घातले. १९९७ च्या मे महिन्यात सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांचा पगार त्या प्रणालीतून निघाला. त्याच वर्षी झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात बेक आणि एरिक गामा यांनी मिळून जावासाठी तशीच चौकट, जेयुनिट, लिहिली, आणि जावा लिहिणाऱ्या प्रत्येक चमूच्या हातात ती फुकट पडली.

क्रायस्लरचा तो प्रकल्प मात्र २००० च्या फेब्रुवारीत बंद झाला. त्यावरून या पद्धतीची खिल्ली उडवणारे आजही भेटतात. पण चाचण्यांनी कोड टिकतो, प्रकल्पाचे आश्रयदाते टिकत नाहीत. या दोन गोष्टींची गल्लत करण्यात अर्थ नाही.

क्रायस्लरने त्या प्रकल्पाचा गाशा गुंडाळला त्याच वर्षी हिपचे एसक्यूलाइट बाहेर पडले. त्याच्याही चाचण्या पहिल्यापासून होत्या, टीसीएल भाषेत लिहिलेल्या. बग कळला की आधी तो पकडणारी चाचणी लिहायची, नाहीतर बग मिटला असे म्हणायचे नाही, हा नियमही होता. तरी अँड्रॉइडचे फोन बाजारात येऊ लागले तशा तक्रारी थडकू लागल्या. कारण उघड होते. लाखो हातांत गेलेला प्रोग्रॅम लाखो वाटांनी चालतो, आणि चमूने तपासलेल्या वाटा चमूला सुचलेल्याच होत्या. टायलरच्या त्या बाईंच्या बोटांसारखी बोटे आता जगभर होती.

हिपला उत्तर सापडले ते विमानांच्या धंद्यात. विमानाची उपकरणे बनवणाऱ्या रॉकवेल कॉलिन्सशी झालेल्या संबंधातून त्याला डीओ-१७८बी या मानकाची ओळख झाली. विमान पाडू शकेल अशा सॉफ्टवेअरला त्यातली सर्वांत कडक पातळी लागू होते, आणि ती मागते ती गोष्ट उदाहरणानेच समजते. एटीएमच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ आहे : शिल्लक पुरेशी असेल आणि पिन बरोबर असेल, तर पैसे दे. ही ओळ एकदा चालली, म्हणजे तपासली का? नाही. एकदा पैसे दिले, एकदा नाकारले, असे दोन्ही घडवून पाहिले तर? तरीही नाही, कारण दोन्ही वेळा फरक शिल्लकीचाच असेल, तर पिनची अट कोणी पुसून टाकली तरी चाचणी खुशाल हिरवी राहील. कडक पातळी सांगते की प्रत्येक अटीने, बाकीच्या अटी आहेत तशा ठेवून, एकटीने निकाल फिरवून दाखवला पाहिजे. हे संपूर्ण कोडमधल्या प्रत्येक निर्णयासाठी.

हिप या कामाला बसला. त्याच्या सांगण्याप्रमाणे ९५ टक्के कोड अशा चाचण्यांनी झाकणे फार अवघड नव्हते. शेवटच्या पाच टक्क्यांनी घाम काढला. आठवड्याला साठ तास, असे सुमारे वर्षभर. टीएच३ नावाचा चाचण्यांचा नवा संच २००८ मध्ये सुरू झाला आणि २००९ च्या ऑगस्टमधल्या आवृत्तीपासून गाभ्याचा कोड चाचण्यांनी शंभर टक्के झाकला गेला. पुढची कित्येक वर्षे अँड्रॉइडकडून येणाऱ्या तक्रारी जवळजवळ थांबल्याच.

या संचातल्या काही चाचण्या मुद्दाम सांगण्यासारख्या आहेत. स्मृती कमी पडली तर प्रोग्रॅम कसा वागतो, हे तपासायचे आहे. मग स्मृती मागण्याच्या पहिल्याच खेपेला ‘नाही’ असे उत्तर द्यायचे आणि प्रोग्रॅम सभ्यपणे माघार घेतो का ते बघायचे. मग पहिली खेप जाऊ द्यायची, दुसऱ्या खेपेला नकार. मग तिसऱ्या. असे करत करत, एकदाही नकार न देता काम पूर्ण होईपर्यंत. डिस्क लिहिताना बिघडली तर? त्याचीही अशीच पायरी-पायरीने तपासणी. लिहिता लिहिता वीज गेली तर? खरी वीज घालवत बसत नाहीत. डिस्कवर पक्के न झालेले लेखन मागेपुढे करून, खराब करून, वीज गेल्यावर डिस्कची जी अवस्था होईल तिची नक्कल करतात आणि मग फाइल शाबूत उघडते का ते पाहतात. आपल्याकडे वीज जाण्याचा अनुभव ज्यांना आहे त्यांना या चाचणीचे मोल वेगळे सांगायला नको. आणखी एक चाचणी आहे ती चाचण्यांचीच : संगणकाला समजणाऱ्या कोडमधली एखादी वळणाची सूचना मुद्दाम मोडायची आणि बघायचे की कोणीतरी ओरडते का. कोणी ओरडले नाही, तर पहारेकरी झोपलेला आहे.

इतके करूनही गर्व करायची सोय नव्हती. २०१५ मध्ये मायकल झालेव्स्की यांनी त्यांचे एएफएल हे साधन एसक्यूलाइटवर सोडले. हे साधन माणसासारखा विचार करत नाही. ते डेटाबेसला विचारायच्या वेड्यावाकड्या क्वेरी तयार करते, कोडची नवी वाट उघडली की तीच क्वेरी आणखी वेडीवाकडी करते. अर्ध्या तासाच्या श्रमात २२ दोष निघाले. शंभर टक्के झाकलेल्या कोडमध्ये!

यातला पेच हिपच्या चमूने प्रामाणिकपणे लिहून ठेवला आहे आणि तो या साऱ्या कहाणीतला सर्वांत बारीक मुद्दा आहे. कोडमधली प्रत्येक फांदी, म्हणजे निर्णयातून फुटणारी प्रत्येक वाट, तपासलीच पाहिजे असा नियम केला, की जिथे पोहोचताच येत नाही अशी फांदी खटकू लागते. ‘हे कधी घडणार नाही, पण घडलेच तर’ म्हणून लिहिलेल्या बचावाच्या ओळी चाचणीने गाठता येत नाहीत; त्या काढून टाकण्याचा मोह होतो. आणि एएफएलसारखे साधन नेमके तिथेच घाव घालते, जिथे कधी घडणार नाही ते घडते. म्हणजे एका चाचणीसाठी घासूनपुसून स्वच्छ केलेला कोड दुसऱ्या चाचणीपुढे उघडा पडतो. त्यांनी मधली वाट काढली. अशा अटींवर ‘हे नेहमीच खरे’, ‘हे कधीच खरे नाही’ असे शिक्के मारले. रोजच्या वापरात बचाव जागेवर राहतो, झाकणीचा हिशेब करताना तो बाजूला होतो. पुढे त्यांनी वेड्यावाकड्या क्वेरींचे स्वतःचे साधन लिहिले आणि ते रात्रंदिवस चालू ठेवले.

कोड न चालवता केवळ वाचून चुका दाखवणाऱ्या साधनांबद्दल मात्र त्यांचे मत तिखट आहे. कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरचे इशारे गप्प करायला केलेल्या दुरुस्त्यांतून जितके बग शिरले, त्यापेक्षा कमी बग या साधनांनी पकडून दिले, असे ते म्हणतात. असे बोलायला इतक्या चाचण्या पाठीशी लागतात. इतरांनी या मताचा आधार घेऊन आळस करू नये.

प्रत्येक आवृत्ती बाहेर पडण्यापूर्वी या चमूत सुमारे दोनशे बाबींची यादी टिक केली जाते. काही बाबी काही सेकंदांच्या, काही कित्येक तास चालणाऱ्या चाचण्यांच्या. ही कल्पना त्यांना सुचली ती अतुल गावंडे यांच्या २००९ च्या ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ या पुस्तकावरून, असे एसक्यूलाइटच्या कागदपत्रांतच नोंदवले आहे. गावंडे बोस्टनचे शल्यविशारद. त्यांचे वडील आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड परिसरातले, वैद्यकीच्या वाटेने अमेरिकेत गेलेले. पुस्तकात गावंडे शस्त्रक्रियेच्या खोलीतली यादी सांगतात, पण तिचे मूळ ते नेतात विमानांकडे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायोतल्या राइट फील्डवर बोइंगचे मॉडेल २९९ उड्डाण घेताच कोसळले. वैमानिक निष्णात होता. जमिनीवर असताना सुकाणू जखडून ठेवणारी कडी सोडायची राहिली होती, इतकेच. त्यानंतर वैमानिकांनी छोट्या यादीचा रिवाज पाडला आणि तेच विमान पुढे बी-१७ म्हणून महायुद्धात हजारोंनी उडाले. विमानातून शस्त्रक्रियेच्या टेबलावर आणि तिथून डेटाबेसच्या कोडमध्ये अशी ही यादी फिरली आहे. यादीला हसणारे डेव्हलपर पुष्कळ असतात. दोनशेपैकी कोणती बाब आपण आज विसरणार हे त्यांनाही सांगता येत नाही.

एसक्यूलाइटचा कोड कोणाच्याच मालकीचा नाही. तो सार्वजनिक आहे. कोणीही उचलावा, बदलावा, विकावा. बाहेरच्या माणसाचा कोड मात्र हा चमू सहसा घेत नाही. आणि टीएच३ हा चाचण्यांचा संच खासगी आहे. त्यासाठी परवाना घ्यावा लागतो. उलटा वाटावा असा हा व्यवहार. माल फुकट, आणि मालाची परीक्षा विकत. विमान कंपन्या चाचण्या विकत घेतील असा हिपचा होरा होता. तसे गिऱ्हाईक काही मिळाले नाही, हे त्यानेच मुलाखतीत सांगितले आहे. तरी संच त्याच्या उपयोगी पडतो, कारण गाभ्यात मोठा बदल करून काही दिवसांत निर्धास्तपणे नवी आवृत्ती काढता येते. २०५० सालापर्यंत हा डेटाबेस सांभाळण्याचा त्यांचा जाहीर इरादा आहे.

या व्यवहाराची कसोटी २०२२ पासून लागली. टर्सो या कंपनीने एसक्यूलाइटच्या कोडची स्वतंत्र शाखा काढली, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये तर सगळा डेटाबेस रस्ट भाषेत नव्याने लिहिण्याचे जाहीर केले. दीड लाख ओळींचा मूळ कोड त्यांच्यासमोर उघडा होता. टीएच३ नव्हता. म्हणून त्यांनी डेटाबेस लिहिता लिहिताच दुसऱ्या जातीची चाचणी उभी केली : डिस्क, घड्याळ, बिघाड, सगळे नकली आणि सगळे एका बीज-आकड्यावर बेतलेले. तोच आकडा पुन्हा दिला की तोच बिघाड त्याच क्रमाने पुन्हा घडतो, आणि रात्री कधीतरी निसटलेला बग सकाळी डेव्हलपरला टेबलावर बसून पाहिजे तितक्या वेळा पाहता येतो.